वॉशिंग्टन आडनावाचे मूळ आणि प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुण जोतीराव फुले यांच्या वाचनात शिवाजी महाराजांच्या चरित्राबरोबर जॉर्ज वॉशिंग्टन यांचेही चरित्र होते, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मात्र ते आधी उत्तर इंग्लंडमधील एका खेड्याचे होते, मग एका जमीनदार घराण्याचे झाले, आणि आज ते लावणाऱ्या अमेरिकनांपैकी बहुतेकांचे पूर्वज इंग्लंडहून नव्हे तर आफ्रिकेतून आलेले आहेत, ही हकिकत सहसा सांगितली जात नाही. पुढील प्रश्न त्या हकिकतीविषयी आहेत.

हे आडनाव मुळात कोठले?

ईशान्य इंग्लंडमध्ये वेअर नदीच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. ते पूर्वी डरहॅम परगण्यात होते. १९६४ मध्ये नियोजित नवे शहर म्हणून त्याचा विस्तार सुरू झाला, १९७४ मध्ये ते टाइन अँड वेअर परगण्यात गेले आणि आज ते संडरलंड शहराच्या हद्दीत मोडते. मध्ययुगीन दप्तरांत त्याचे नाव वेसिंग्टन किंवा वासिंग्टन असे लिहिलेले सापडते. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपल्या वाडीसारखी. त्याआधीचे ‘इंग’ हे संबंध दाखवते, आणि सुरुवातीचे पद हे वासा किंवा ह्वासा अशा एखाद्या व्यक्तीचे नाव आहे. थोडक्यात, वासाची किंवा वासाच्या माणसांची वाडी. धुण्याशी या नावाचा काडीचाही संबंध नाही, हे सांगायला हवे, कारण इंग्रजी जाणणाऱ्यांच्या मनात पहिली शंका तीच येते.

गावाचे नाव माणसाला कसे लागले?

याचे उत्तर एका नोंदीत आहे. डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची पाहणी करवून घेतली. ती नोंदवही बोल्डन बुक म्हणून ओळखली जाते. तिच्यात विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराविषयी असे नमूद आहे की, त्याने आपले हर्टबर्न हे गाव देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतले, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. त्यासाठी त्याने चार पौंड खंड द्यावा आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहावे. चार पौंड आणि चार कुत्रे, एवढ्या व्यवहारावर जगातील एक सर्वांत ओळखीचे आडनाव उभे आहे. जहागीर बदलल्यावर विल्यम द हर्टबर्न हा विल्यम द वेसिंग्टन झाला. आज आपण म्हणू की त्याने आडनाव बदलले. त्याच्या काळाच्या दृष्टीने त्याने फक्त पत्ता बदलला होता. नॉर्मन जमीनदारांमध्ये ‘द’ म्हणजे ‘चा’, आणि जी जमीन हाती असेल तिचा तो धनी. हे बिरुद बापाकडून मुलाकडे जाऊन घट्ट व्हायला आणखी काही पिढ्या लागल्या.

मराठी वाचकाला इथे आपले ‘कर’ आठवेल. पण आपल्याकडे जेजुरी सोडून पुण्यात आलेल्याला जेजुरीकर म्हणतात. जेजुरीतच राहणाऱ्याला तसे म्हणण्याचे कारण नसते. इंग्लंडमध्ये दोन्ही वाटा होत्या. विल्यमसारख्या मालकाला गावाचे नाव मालकीमुळे मिळाले, तर गाव सोडून दुसरीकडे मजुरीला किंवा धंद्याला गेलेल्या साध्या माणसाला ते ओळखीसाठी चिकटले. सामान्य लोकांची आडनावे चौदाव्या शतकापर्यंत बऱ्यापैकी स्थिरावली.

मग सगळे वॉशिंग्टन एकाच घराण्यातले का?

नाही. वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेनेच हे अशक्य होते, कारण एका गावातून अनेक कुटुंबे बाहेर पडतात. शिवाय दक्षिणेला ससेक्स परगण्यातही वॉशिंग्टन नावाचे स्वतंत्र खेडे आहे आणि तेथूनही हे आडनाव निघू शकते. डर्बीशायरमध्ये वेसिंग्टन आहे. त्याची व्युत्पत्ती वेगळी आहे, पण जुन्या लेखनात दोन्ही नावे सारखीच दिसतात. आडनाव सारखे म्हणून मूळ पुरुष एक, हे गृहीत धरणाऱ्या वंशावळीवर विश्वास ठेवू नये.

डरहॅममधील मूळ शाखेचे काय झाले?

ती पुरुष वारसाअभावी संपली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जहागिरीची वारसदार म्हणून मुलगी राहिली आणि तिच्या विवाहामुळे मालमत्ता टेंपेस्ट घराण्याकडे गेली. पंधराव्या शतकात जॉन वेसिंग्टन हा डरहॅमच्या प्रख्यात मठाचा तीस वर्षे, १४१६ ते १४४६, प्रमुख होता. त्याच्यानंतर त्या परिसरात हे नाव मोठेपणाने वावरताना दिसत नाही. घराण्याचा जुना वाडा १६१३ मध्ये पुन्हा डरहॅमच्या बिशपकडेच विकला गेला आणि नव्याने बांधला गेला. एकोणिसाव्या शतकात त्या वाड्यात गरीब कुटुंबे दाटीवाटीने भाड्याने राहत होती. १९३०च्या दशकात तो पाडण्याच्या बेतातून एका स्थानिक शिक्षकाच्या खटपटीने वाचला आणि १९५५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये या गावाला भेट देऊन तेथे झाड लावले.

जॉर्ज वॉशिंग्टन यांची शाखा मग कोणती?

ती आधीच निघून गेलेली धाकटी पाती होती. थोरल्याला जहागीर मिळते आणि धाकट्याला पाय मोकळे करावे लागतात, हा इंग्लंडमधील वारसाहक्काचा नियम या साऱ्या स्थलांतराच्या मुळाशी आहे. ही पाती डरहॅममधून पश्चिमेला वेस्टमोरलंडमध्ये आणि तेथून लँकेशायरमधील वॉर्टन येथे गेली. वॉर्टनच्या सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या मनोऱ्यावर घराण्याचे कुलचिन्ह दगडात कोरलेले होते. वाऱ्यापावसाने झिजत चाललेला तो दगड पुढे चर्चच्या आत हलवण्यात आला.

सोळाव्या शतकात वॉर्टनच्या कुटुंबातील लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्दॅम्प्टनला आला आणि लोकरीच्या व्यापारात त्याने पैसा केला. १५३२ मध्ये आणि पुन्हा १५४५ मध्ये तो त्या शहराचा मेयर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये लॉरेन्सने नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यू मठाची सल्ग्रेव्ह येथील जमीन घेतली आणि तेथे घर बांधले. ते घर आजही उभे आहे. त्याच्या देवडीच्या दारावरच्या कोपऱ्यांत तारे आणि पट्टे असलेले चिन्ह पाहायला मिळते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील शंभर वर्षांच्या शांततेची आठवण म्हणून १९१४ मध्ये हे घर वर्गणीतून विकत घेण्यात आले आणि १९२१ मध्ये ते पाहण्यासाठी खुले झाले.

अमेरिकेचा झेंडा या कुलचिन्हावरून घेतला आहे का?

गोष्ट आकर्षक आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. घराण्याचे चिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि त्यांच्या वर तीन लाल तारे. हेच चिन्ह जसेच्या तसे घेतलेला झेंडा वेगळा आहे: राजधानी वॉशिंग्टन डी. सी.चा, जो १९३८ मध्ये स्वीकारण्यात आला.

व्हर्जिनियात प्रथम कोण गेले आणि का?

जॉन वॉशिंग्टन, १६५६–५७ मध्ये. कारण समजण्यासाठी त्याच्या वडिलांकडे पाहावे लागते.

सल्ग्रेव्हच्या लॉरेन्सचा एक वंशज, त्याचेही नाव लॉरेन्सच, ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात फेलो, म्हणजे कॉलेजचा सभासद-अध्यापक, होता. फेलोने अविवाहित राहायचे असा नियम असल्याने विवाहाबरोबर ती जागा सोडणे आले, आणि १६३०च्या दशकात तो एसेक्समधील पर्ली येथे धर्मोपदेशक झाला. ही जागा चांगल्या उत्पन्नाची होती. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. घराणे राजाच्या बाजूचे होते. याच घराण्यातील हेन्री वॉशिंग्टन हा राजाच्या सैन्यात कर्नल होता आणि त्याने १६४६ मध्ये वूस्टर शहर पार्लमेंटच्या फौजेविरुद्ध लढवले. पार्लमेंटच्या समितीने १६४३ मध्ये लॉरेन्सला पर्लीतून काढून टाकले. आरोप असा ठेवला की तो रोज दारूच्या गुत्त्यात बसतो आणि इतरांनाही बसवतो. त्याला पाहिलेल्या एका गृहस्थाने मात्र तो सभ्य आणि संयमी असल्याची साक्ष दिल्याचे पुढे नोंदले गेले. राजकीय कारणाने माणूस काढायचा आणि कागदावर चारित्र्याचे कारण लिहायचे, ही पद्धत जुनी आहे. लॉरेन्सच्या नशिबी एक गरीब खेडेगावचे चर्च आले आणि तो १६५३ मध्ये निधन पावला. पत्नी अँफिलिस १६५५ मध्ये वारली. जमीन नाही, आश्रयदाता नाही, राजाचा शिरच्छेद झालेला. थोरल्या जॉनला इंग्लंडमध्ये थांबवण्यासारखे काही उरले नाही.

जॉन ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ नावाच्या जहाजावर मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, म्हणून निघाला. तंबाखू भरून परतताना १६५७ च्या हिवाळ्यात जहाज पोटोमॅक नदीच्या वाळूत रुतले, वादळात सापडले आणि माल बुडाला. जहाज पुन्हा तरंगवण्यात आले, पण जॉनचा जहाजमालकाशी मजुरीवरून वाद झाला आणि तो मागेच राहिला. नॅथॅनिएल पोप या सधन मळेवाल्याने त्याला आसरा दिला. १६५८ मध्ये पोपची मुलगी अ‍ॅन हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. वेस्टमोरलंड नावाच्याच, पण व्हर्जिनियातल्या परगण्यात त्याचे बस्तान बसले. मागाहून धाकटा भाऊ लॉरेन्सही आला. व्हर्जिनियात तेव्हा प्रवासखर्च करून आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळे, त्यामुळे ज्याच्याकडे माणसे आणण्याची ऐपत, त्याच्याकडे जमीन वाढत जाई. जॉनचा मुलगा लॉरेन्स, त्याचा मुलगा ऑगस्टीन आणि ऑगस्टीनचा मुलगा जॉर्ज. वडील १७४३ मध्ये वारले तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला जमिनीबरोबर दहा गुलामही आले.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना आपले मूळ माहीत होते का?

फारसे नाही, आणि त्यांना त्याची विशेष फिकीरही नव्हती. इंग्लंडमधील कुलचिन्हांच्या कार्यालयाचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ मध्ये पत्र पाठवून त्यांच्या घराण्याची माहिती मागवली. राष्ट्राध्यक्षांनी १७९२ मध्ये उत्तर दिले त्याचा आशय असा की, या विषयाकडे आपण फारच कमी लक्ष दिले आहे; घरातील वडीलधारी माणसे म्हणत की मूळ पुरुष इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यातून आला, पण लँकेशायर, यॉर्कशायर की त्याहून उत्तरेचा, हे नेमके आठवत नाही. घरी चालत आलेली ही आठवण ढोबळ असली तरी चुकीची नव्हती, हे विशेष. अडीचशे वर्षे दक्षिणेत आणि समुद्रापार काढूनही ‘आम्ही उत्तरेचे’ एवढे टिकून राहिले होते.

चूक झाली ती तज्ज्ञांच्या हातून. हर्ड यांना सल्ग्रेव्हच्या वंशावळीत जॉन आणि लॉरेन्स अशी सख्ख्या भावांची जोडी सापडली आणि व्हर्जिनियाला गेलेले भाऊ तेच, असे त्यांनी मानले. ही वंशावळ जवळपास पाऊण शतक छापली गेली. १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की त्या जोडीतला जॉन हा नाइट किताब मिळालेला सर जॉन होता आणि लॉरेन्स हा धर्मोपदेशक होता. व्हर्जिनियातल्या जॉनला कोणी कधी ‘सर’ म्हटल्याची नोंद नाही आणि तेथला लॉरेन्स धर्मोपदेशक नव्हता. एकाच पिढीत नव्हे तर दर पिढीत जॉन आणि लॉरेन्स हीच नावे ठेवण्याच्या हौसेने संशोधकांना असे झुलवले. खरा दुवा १८८९ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी मृत्युपत्रे आणि वारसाविषयक कागद चाळून जुळवला. व्हर्जिनियाचे भाऊ हे त्या धर्मोपदेशक लॉरेन्सचे, पर्लीतून काढलेल्याचे, मुलगे होते. हर्ड यांनी शोधलेले घराणे बरोबर होते, फक्त एक पिढी चुकली होती.

एकाच घटनेची दोन वर्षे का दिलेली असतात?

इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारीतील एखादा मृत्यू जुन्या नोंदीत १६५२ चा आणि आजच्या गणनेत १६५३ चा असतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या पंचांगाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्याने २२ फेब्रुवारी १७३२.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे थेट वंशज आज आहेत का?

त्यांना स्वतःचे मूल नव्हते. आडनाव भावांच्या आणि चुलत्यांच्या शाखांतून पुढे चालले. माउंट व्हर्नन ही त्यांची वास्तूही अखेर पुतणे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश बुशरॉड वॉशिंग्टन, यांच्याकडे गेली.

अमेरिकेत हे आडनाव बहुतेक कृष्णवर्णीयांचे का आहे?

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के आफ्रिकन-अमेरिकन होते. या आडनावाचा विचार इथपर्यंत आला की सल्ग्रेव्हचे घर आणि वॉर्टनचा दगड मागे पडतो.

हे सर्व लोक माउंट व्हर्ननच्या गुलामांचे वंशज आहेत, हा समज मात्र चुकीचा आहे. १७९९ मध्ये तेथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी सव्वाशेच्या आसपास माणसे जॉर्ज यांच्या मालकीची होती. उरलेली त्यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीची किंवा भाड्याने आणलेली होती. जॉर्ज यांनी मृत्युपत्राद्वारे फक्त स्वतःच्या मालकीचे लोक मुक्त केले. त्या वर्षीच्या यादीत बहुतेकांची केवळ पहिली नावे आहेत. गुलामांना आडनावे नसत असे नव्हे. आपापसांत ती असत, मालकाच्या वहीत ती उतरत नसत.

काहींनी ती स्वतः उतरवून घेतली. हॅरी वॉशिंग्टन हे आफ्रिकेत गांबिया नदीच्या परिसरात जन्मलेले, माउंट व्हर्ननला गुलाम म्हणून आणलेले. १७७६ मध्ये ते पळून ब्रिटिशांना मिळाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध हरल्यावर ब्रिटिशांनी न्यूयॉर्कमधून ज्या मुक्त कृष्णवर्णीयांना जहाजांवर चढवले त्यांची नोंदवही आजही आहे, आणि १७८३ च्या नोंदीत त्यांचे वय ४३, शरीर धडधाकट, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचे, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडले, असे लिहिलेले आहे. ते नोव्हा स्कॉशियाला गेले. जमीन आणि हवामान या दोहोंनी दगा दिल्यावर १७९२ मध्ये सिएरा लिओनला निघाले. तेथे सिएरा लिओन कंपनीच्या सरकारने लादलेल्या जमीनकराविरुद्ध वसाहतवाल्यांनी १८०० मध्ये बंड केले. त्यात सामील झाल्याबद्दल हॅरी यांना हद्दपार करण्यात आले. पूर्वीचा मालक कराविरुद्ध बंड करून राष्ट्रपिता ठरला होता.

सर्वसाधारण लाट आली ती १८६५ नंतर, गुलामगिरी संपल्यावर. मुक्त झालेल्या लाखो लोकांना शाळेत, बँकेत, मजुरीच्या करारावर पहिल्यांदाच पूर्ण नाव सांगावे लागले. कोणी जुन्या मालकाचे आडनाव ठेवले, कोणी मुद्दाम टाळले, कोणी वडिलांचे पहिले नाव घेतले, तर कोणी देशात सर्वांना ठाऊक असलेले नाव निवडले. गुलामगिरीत जन्मून पुढे नामवंत शिक्षणतज्ज्ञ झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात हा क्षण लिहून ठेवला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत हजेरी चालू होती. इतर मुलांना दोन-दोन, काहींना तीन नावे होती आणि यांना फक्त ‘बुकर’. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी ठरवले आणि गुरुजींनी विचारल्यावर, जन्मापासून तेच नाव असावे अशा शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. आईने जन्मतःच टॅलिफेरो हे नाव दिले होते हे त्यांना पुढे कळले आणि तेही त्यांनी मध्ये घातले.

म्हणजे विल्यम द हर्टबर्नने जे केले तेच या मुलाने केले. एकाने जमिनीसाठी, दुसऱ्याने हजेरीपटासाठी. माझ्या मते या आडनावावर पहिल्याचा हक्क दुसऱ्यापेक्षा अधिक मानण्याचे कारण नाही. असा स्वीकार विसाव्या शतकातही चालू राहिला: गायिका डायना वॉशिंग्टन यांचे जन्मनाव रूथ जोन्स होते.

हे नाव आणखी कोठे आढळते?

पहिले नाव म्हणून ते दूरवर गेले आहे. लेखक वॉशिंग्टन अर्विंग हे १७८३ मध्ये न्यूयॉर्कला जन्मले तेव्हा त्यांना ते जनरलच्या आदरापोटी देण्यात आले. ब्राझील आणि उरुग्वे येथे आजही मुलांचे नाव वॉशिंग्टन ठेवतात. युरोपात एक शाखा बव्हेरियात वसली आणि तिला सरदारकीही मिळाली.

एखाद्या वॉशिंग्टन कुटुंबाची वंशावळ शोधायची असल्यास सुरुवात कोठे करावी?

आडनावाचे कुलचिन्ह चौकटीत घालून विकणाऱ्यांपासून तर निश्चितच करू नये. इंग्लंडच्या नियमानुसार कुलचिन्ह हे व्यक्तीला आणि तिच्या सिद्ध वंशजांना दिलेले असते, आडनावाला नव्हे.

नेहमी आजपासून मागे जावे. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनांत माणसांची नावे मिळतात, जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि त्याआधी चर्चची नोंदवही, जी ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला. त्याच्याही मागे जायचे तर जमीन किंवा मृत्युपत्र असलेलीच कुटुंबे सापडतात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबासाठी कळीचे वर्ष १८७० आहे, कारण त्या जनगणनेत पूर्वीचे गुलाम पहिल्यांदा नावानिशी आले. १८६० च्या गुलामांच्या तक्त्यात मालकाचे नाव असते आणि त्याखाली एकेका ओळीत वय, स्त्री की पुरुष, आणि वर्ण एवढेच. म्हणून १८७० मध्ये एखाद्या परगण्यात सापडलेल्या वॉशिंग्टन कुटुंबातील माणसांची वये दहाने कमी करावीत, त्याच परगण्यातील १८६० च्या तक्त्यांत तशी वये एकत्र कोणत्या मालकाखाली दिसतात ते पाहावे, आणि मग त्या मालकाची मृत्युपत्रे व खरेदीखते मागवावीत. तो मालक वॉशिंग्टन आडनावाचाच असेल असे धरून चालू नये.